क्रोशाच्या पॅटर्नमधली अक्षरे कशी वाचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षे रुमाल, तोरणे, बाळंतविड्याची टोपडी विणणाऱ्या कितीतरी जणी इंग्रजी पॅटर्न समोर आला की अडतात. हात आई-आजीकडे बघून तयार झालेला असतो, पण कागदावरच्या अक्षरांशी ओळख कुणी करून दिलेली नसते. व्हिडिओ पाहून शिकलेल्यांची अडचणही तीच. खरे तर या अक्षरांमागचे बहुतेक टाके तुम्हाला आधीपासून येतात. छापील पॅटर्नमध्ये ही अक्षरे रोमन लिपीत असतात, इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. 'एससी' वाचले की कागदावर एस आणि सी ही दोन अक्षरे शोधायची.

पॅटर्नमधली एखादी सूचना वाचायची तरी कशी?

प्रत्येक सूचनेत तीन गोष्टी असतात: कोणता टाका, किती टाके आणि ते कुठे घालायचे. सगळे लक्ष पहिल्या गोष्टीकडे जाते, कारण अक्षरे अनोळखी असतात. पण उसवायला लावणाऱ्या चुका बहुतेक तिसऱ्या गोष्टीत होतात. टाका बरोबर असतो, तो शेजारच्या घरात, म्हणजे सुई घालायच्या जागेत, पडलेला असतो. म्हणून अक्षर ओळखून थांबू नका, 'इन', 'नेक्स्ट', 'सेम', 'इच', 'अराउंड' हे छोटे शब्दही तितक्याच काळजीने वाचा.

मूळ टाके किती आणि आपल्याकडे त्यांना काय म्हणतात?

मूळ टाके सहा. मराठीतली नावे घरोघरी थोडी बदलतात, या पानावर आम्ही खालील नावे वापरली आहेत. इंग्रजी अक्षरे अमेरिकन पद्धतीची आहेत.

सीएच: साखळी.
एसएल एसटी: स्लिप स्टिच, म्हणजे जोडटाका. सुई घरात घालून दोरा ओढायचा आणि तो सुईवरच्या लूपमधूनही लगेच बाहेर काढायचा. याला उंची जवळपास नसते.
एससी: मुका खांब. सुई घरात घालून दोरा ओढला की सुईवर २ लूप होतात, दोन्हींतून एकदम बाहेर.
एचडीसी: अर्धा खांब. आधी सुईवर एक वेढा, मग दोरा ओढायचा. ३ लूप होतात, तिन्हींतून एकदम बाहेर.
डीसी: खांब. एक वेढा, दोरा ओढला की ३ लूप, मग दोनातून आणि पुन्हा दोनातून.
टीआर: दोन वेढ्यांचा खांब. दोरा ओढल्यावर ४ लूप, मग दोन-दोनातून तीन वेळा.

सुईवर वेढा घेण्याच्या क्रियेला 'वायओ' असे लिहिलेले असते. टाक्याच्या नावाबद्दल शंका आली तर वेढे मोजा. नाव देशागणिक बदलते, वेढ्यांचा हिशेब बदलत नाही.

अमेरिकन आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये नेमका फरक काय?

टाके तेच, पण नावे एक पायरी सरकलेली. सगळ्यात जास्त काम याच गोंधळामुळे वाया जाते. मुका खांब अमेरिकन पॅटर्नमध्ये एससी, ब्रिटिशमध्ये डीसी. अर्धा खांब अमेरिकनमध्ये एचडीसी, ब्रिटिशमध्ये एचटीआर. आपला नेहमीचा खांब अमेरिकनमध्ये डीसी, ब्रिटिशमध्ये टीआर. दोन वेढ्यांचा खांब अमेरिकनमध्ये टीआर, ब्रिटिशमध्ये डीटीआर. म्हणजे 'डीसी' ही दोन अक्षरे अमेरिकेत उंच खांब सांगतात आणि ब्रिटनमध्ये सगळ्यात बुटका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले पॅटर्न सहसा ब्रिटिश पद्धतीचे असतात.

पॅटर्नवर लिहिलेले नसेल तर तो कोणत्या पद्धतीचा हे कसे ओळखायचे?

कुठेही 'एससी' दिसले तर पॅटर्न अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत या नावाचा टाका नाही. 'एचटीआर' दिसले तर ब्रिटिश. घर सोडा असे सांगताना अमेरिकन पॅटर्न 'स्किप' म्हणतो, ब्रिटिश 'मिस' म्हणतो. विणीच्या मापाला अमेरिकन 'गेज' म्हणतात, ब्रिटिश 'टेन्शन'.

खरी पंचाईत नुसते डीसी आणि टीआर असलेल्या पॅटर्नची, कारण हे दोन्ही शब्द दोन्हीकडे आहेत. अशा वेळी पहिल्या ओळीतल्या साखळ्या बघा. 'डीसी सुईपासून दुसऱ्या साखळीत' असे असेल तर तो मुका खांब, म्हणजे पॅटर्न ब्रिटिश. 'डीसी सुईपासून चौथ्या साखळीत' असेल तर तो उंच खांब, म्हणजे पॅटर्न अमेरिकन. '३ साखळ्या म्हणजे एक डीसी' असे लिहिले असेल तर अमेरिकन, '३ साखळ्या म्हणजे एक टीआर' असेल तर ब्रिटिश. साखळ्यांची संख्या टाक्याची उंची सांगते, त्यामुळे ही खूण भरवशाची आहे.

चुकीची पद्धत धरून विणले तर काय बिघडते?

ते तुम्ही काय विणता आहात यावर अवलंबून आहे. ब्रिटिश पॅटर्नमधली बाहुली अमेरिकन समजून उंच खांबांनी विणली तर वीण विरळ होते आणि आतला कापूस बाहेर दिसतो. बाहुली लांबट होते, डोके-धड यांचे प्रमाण जाते. तसेच ब्रिटिश शालीतले डीसी उंच खांबाने विणले तर ओळी भराभर वाढतात, शाल लांब होते आणि दोरा सांगितल्यापेक्षा जास्त लागतो.

गोल रुमालात ही चूक फार लवकर कळते. सपाट वर्तुळासाठी मुक्या खांबांची सुरुवात साधारण ६ टाक्यांनी होते आणि प्रत्येक फेरीत ६ वाढवतात. अर्ध्या खांबाला ८, खांबाला १२. टाका जितका उंच तितका परीघ भराभर वाढतो म्हणून हा फरक. मुक्या खांबासाठी लिहिलेल्या ६-६ च्या वाढीत तुम्ही उंच खांब घातले तर तीन-चार फेऱ्यांतच वाटी तयार होते. खांबाच्या १२-१२ च्या वाढीत मुके खांब घातले तर कडेला झालर येते. वर्तुळ सपाट बसत नसेल तर दोऱ्याला आणि सुईला दोष देण्याआधी पॅटर्न कोणत्या देशाचा ते तपासा.

'३ डीसी इन नेक्स्ट एसटी' आणि 'डीसी इन नेक्स्ट ३ एसटी' यात फरक आहे का?

मोठा फरक आहे. पहिल्या सूचनेत आकडा टाक्याच्या आधी आहे: पुढच्या एकाच घरात तीन खांब. दोन टाके वाढतात आणि पंख्यासारखा आकार येतो. दुसऱ्या सूचनेत आकडा घरांचा आहे: पुढच्या तीन घरांत एकेक खांब, संख्या तेवढीच राहते. 'एसटी' म्हणजे टाका. नुसते 'डीसी ३' असे लिहिले असेल तर बहुतेक वेळा पुढच्या तीन घरांत एकेक असाच अर्थ असतो. ओळीच्या शेवटच्या संख्येशी ताडून खात्री करून घ्या.

तारा आणि कंस यांचा अर्थ काय?

तारा (*) म्हणजे पुन्हा सुरुवात करायची जागा. 'तारेपासून ४ वेळा पुन्हा' याचा अर्थ एकदा विणून झालेले आहेच, त्यावर आणखी ४, एकूण ५. बऱ्याच जणी एकूण ४ करतात आणि ओळीच्या शेवटी टाके उरतात. दोन तारा असतील तर पहिल्यापासून दुसरीपर्यंतचाच भाग पुन्हा करायचा. दुसऱ्या तारेनंतरचे टाके फक्त एकदा, शेवटी.

कंसाचे काम पॅटर्नमध्ये तीन प्रकारचे असते आणि तिन्ही एकाच पानावर येऊ शकतात. कंसापुढे 'इन नेक्स्ट एसटी' असेल तर कंसातले सगळे एकाच घरात, उदाहरणार्थ ग्रॅनी स्क्वेअरच्या कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. कंसापुढे '६ वेळा' असेल तर कंसातला भाग तेवढ्या वेळा, आणि इथे ६ म्हणजे एकूण ६. कपड्यांच्या पॅटर्नमध्ये मात्र कंसात मापे असतात: 'सीएच ६० (६६, ७२, ७८)'. यातला पहिला आकडा सगळ्यात लहान मापाचा, पुढचे क्रमाने मोठ्या मापांचे. आपल्या मापाचा आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा आणि मगच सुई उचला. मध्येच कुठेतरी शेजारच्या मापाचा आकडा वाचला गेला तर बाही आणि मुंढा जुळत नाहीत.

ओळीच्या शेवटी एकटा आकडा असतो तो कशाचा?

त्या ओळीत किंवा फेरीत पूर्ण झालेल्या एकूण टाक्यांचा. तो विणायचा नाही, ताळा करायला आहे. फेरीसाठी 'आरएनडी' आणि ओळीसाठी 'रो' लिहितात. निदान पहिल्या पाच-सहा ओळी संपताना तरी टाके मोजा. एका ओळीत निसटलेला टाका दहा ओळींनंतर सापडला तर दहा ओळी उसवाव्या लागतात.

प्रत्येक ओळीत एकेक टाका कमी होतो किंवा वाढतो, कडा तिरकी जाते. काय चुकते?

वळणाच्या साखळीचा हिशेब चुकतो. नव्याने पॅटर्न वाचणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी अडचण आहे, म्हणून थोडे सविस्तर.

ओळ संपवून काम उलटवले की सुई पुढच्या ओळीच्या उंचीवर न्यावी लागते. त्यासाठी घातलेल्या साखळ्यांना 'टीसीएच' म्हणतात. मुक्या खांबासाठी १ साखळी, अर्ध्या खांबासाठी २, खांबासाठी ३, दोन वेढ्यांच्या खांबासाठी ४.

प्रश्न असा की या साखळ्या टाका म्हणून मोजायच्या का? मुक्या खांबात १ साखळी सहसा मोजत नाहीत, त्यामुळे पहिला मुका खांब साखळीच्या पायथ्याशी असलेल्या पहिल्याच घरात घालतात. खांबात ३ साखळ्या बहुधा पहिला खांब म्हणून मोजतात. म्हणजे पहिल्या घरावर खांब उभा आहेच, पुढचा खांब दुसऱ्या घरात घालायचा. आणि ओळीच्या शेवटी आदल्या ओळीतल्या ३ साखळ्याही एक खांब आहेत, म्हणून शेवटचा खांब त्यांतल्या सगळ्यात वरच्या साखळीत.

आता चुका बघा. पहिल्या घरातही खांब घातला, तर साखळी आणि खांब मिळून एका घरावर दोन होतात आणि ओळीमागे एक टाका वाढतो. शेवटी साखळीच्या डोक्यावर खांब घालायचा विसरला, तर ओळीमागे एक कमी होतो आणि चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागतो. दोन्ही चुका एकाच ओळीत झाल्या तर मोजणी बरोबर येते आणि कडा मात्र तिरक्या जातात. हे शोधायला फार कठीण असते. यावर उपाय म्हणजे ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवणे.

अर्ध्या खांबाच्या २ साखळ्यांबद्दल एकमत नाही. काही पॅटर्न मोजतात, काही मोजत नाहीत. त्यामुळे 'काउंट्स अ‍ॅज' किंवा 'डझ नॉट काउंट' हे शब्द पॅटर्नच्या सुरुवातीला शोधाच.

सुरुवातीला किती साखळ्या घालायच्या?

मुक्या खांबाचे २० टाके हवे असतील तर २१ साखळ्या आणि पहिला टाका सुईपासून दुसऱ्या साखळीत. २० खांब हवे असतील तर २२ साखळ्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. सोडलेल्या ३ साखळ्या एक खांब आणि पुढचे १९, मिळून २०. सुईवर असलेला लूप साखळी म्हणून कधीच मोजायचा नाही, सुरुवातीची गाठही नाही.

'मल्टिपल ऑफ ६ प्लस २' असे लिहिले असेल तर सहाच्या पटीत साखळ्या घेऊन शेवटी एकदाच २ मिळवायच्या. सहा साखळ्यांवर बसणारे पाच शंख (पंख्यासारखी नक्षी) हवे असतील तर ६ गुणिले ५ म्हणजे ३०, अधिक २, एकूण ३२. प्रत्येक पटीत २ मिळवायची चूक होते, ती टाळा. तोरणाची लांबी दाराप्रमाणे बदलायची असेल तर हे गणित फार उपयोगी पडते.

'सीएच ३' आणि 'सीएच-३' यात मधल्या आडव्या रेघेने काय बदलते?

'सीएच ३' ही आज्ञा आहे: आता ३ साखळ्या घाला. 'सीएच-३' हे नाव आहे: आदल्या ओळीत घातलेल्या ३ साखळ्यांची कमान. तिच्यापुढे बहुतेक वेळा 'एसपी' असते, म्हणजे साखळीखालची मोकळी जागा. तिथे सुई साखळीच्या आत खुपसायची नाही, संपूर्ण साखळीच्या खालून घालायची. रेघ न बघता नव्या साखळ्या घातल्या की जाळी लोंबते.

एफएलओ, बीएलओ, एफपीडीसी, बीपीडीसी म्हणजे काय?

ही सगळी अक्षरे सुई कुठे घालायची ते सांगतात. टाक्याच्या डोक्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन धागे दिसतात. काही सांगितले नसेल तर सुई दोन्हींच्या खालून घालायची. एफएलओ म्हणजे फक्त तुमच्या बाजूचा धागा, बीएलओ म्हणजे फक्त पलीकडचा. मुक्या खांबात ओळीमागून ओळ बीएलओने विणली की पन्हळ्या पडतात आणि वीण ताणली जाते. टोपीच्या पट्टीला आणि मोज्याच्या तोंडाला हीच वीण घेतात. 'तुमच्या बाजूचा' हे काम उलटवल्यावर बदलते, हे लक्षात असू द्या.

एफपीडीसी आणि बीपीडीसी हे डोक्यावर घालायचे खांब नव्हेत. खालच्या खांबाच्या अंगाला वेढून ते विणतात. एफपीडीसीसाठी सुई पुढून मागे आणि खांबाला वळसा घालून पुन्हा पुढे आणायची, टाका पुढच्या बाजूला उठून दिसतो. बीपीडीसीसाठी मागून पुढे आणि पुन्हा मागे, टाका मागे दबतो. हे टाके खालच्या खांबाच्या कमरेपासून सुरू होतात, म्हणून त्यांची ओळ साध्या खांबांपेक्षा बुटकी होते. खांबाच्या मागे जे घर राहते त्यात पुन्हा टाका घालायचा नाही. घातला तर एक टाका वाढतो.

वाढवणे आणि कमी करणे कसे लिहितात?

आयएनसी म्हणजे वाढ, एका घरात दोन टाके. डीईसी म्हणजे घट, दोन घरांवर मिळून एक टाका. घटीसाठी 'एससी२टॉग' असेही लिहितात: पहिल्या घरातून दोरा ओढा, पुढच्या घरातून ओढा, सुईवर ३ लूप, तिन्हींतून एकदम बाहेर. 'डीसी२टॉग'मध्ये दोन्ही खांब शेवटची पायरी राखून अर्धवट ठेवतात आणि उरलेल्या ३ लूपमधून एकदम बाहेर काढतात. मधला आकडा ३ असेल तर तीन घरांचा एक टाका.

बाहुल्यांच्या पॅटर्नमध्ये 'इनव्हडेक' दिसते, म्हणजे न दिसणारी घट. तिच्यात सुई दोन्ही घरांच्या फक्त पुढच्या धाग्यांतून घालतात. साध्या घटीने पडणारे भोक यात जवळजवळ दिसत नाही. बाहुलीसाठी आम्ही हीच घट सुचवू, पॅटर्नमध्ये साधी लिहिली असली तरीही.

बॉबल, पफ, पॉपकॉर्न सगळे सारखेच दिसतात. वेगळे कसे करायचे?

बॉबलमध्ये एकाच घरात अर्धवट ठेवलेले खांब असतात. ५ खांबांचा बॉबल असेल तर शेवटी सुईवर ६ लूप राहतात आणि सगळ्यांतून एकदम दोरा काढतात. पॉपकॉर्नमध्ये पाचही खांब पूर्ण विणायचे, मग सुई लूपमधून काढून पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सोडलेला लूप त्यातून ओढायचा. त्याचा फुगा सगळ्यात टणक येतो. पफमध्ये वेढा घेऊन लांब लूप ओढणे एवढीच क्रिया तीन-चार वेळा. तीन वेळा केली तर ७ लूप होतात. पफ मऊ होतो, पण लूप आखूड ओढले तर फुगतच नाही.

'सीएल' म्हणजे क्लस्टर, आणि हा शब्द प्रत्येक रचनाकार आपल्या अर्थाने वापरतो. कुणी एका घरात, कुणी सलग घरांत. पॅटर्नच्या सुरुवातीला विशेष टाक्यांची यादी असते, तिथे दिलेला अर्थच खरा धरा.

एकाच अक्षरांचे दोन अर्थ निघतात तेव्हा?

'एमसी'चा अर्थ रंगीत पॅटर्नमध्ये मुख्य रंग, त्याच्या जोडीला 'सीसी' म्हणजे दुसरा रंग. पण बाहुल्यांच्या काही पॅटर्नमध्ये 'एमसी' म्हणजे मॅजिक सर्कल, बोटावर दोऱ्याचे सरकते कडे करून सुरुवात करायची पद्धत. तिलाच 'एमआर' असेही लिहितात. '६ एससी इन एमसी' असे पहिल्याच फेरीत असेल तर ते कडे, यात शंका नको. कडे जमत नसेल तर २ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घाला, मध्ये बारीक भोक राहील इतकेच.

'आरएस' म्हणजे सुलट बाजू, 'डब्ल्यूएस' म्हणजे उलट बाजू. 'आरएस'ला उजवी बाजू समजण्याची गल्लत होते, कारण राइट या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत.

अक्षरांऐवजी चित्रखुणा असतील तर?

चित्रखुणा शिकायला सोप्या आहेत. लंबगोल म्हणजे साखळी, भरलेला ठिपका म्हणजे जोडटाका, अधिक किंवा गुणाकाराचे चिन्ह म्हणजे मुका खांब. इंग्रजी टी म्हणजे अर्धा खांब, टी च्या अंगावर एक तिरकी रेघ असेल तर खांब, दोन असतील तर दोन वेढ्यांचा. रेघा मोजा आणि तेवढे वेढे घ्या. जपानमध्ये या खुणांना राष्ट्रीय मानकच आहे, म्हणून भाषा अजिबात येत नसतानाही जपानी पुस्तकावरून विणता येते.

दारावरची अक्षरे असलेली तोरणे चौकटींच्या आलेखावरून विणतात. मोकळी चौकट म्हणजे एक खांब, २ साखळ्या, २ घरे सोडा. भरलेली चौकट म्हणजे ३ खांब. शेवटी बंद करणारा १ खांब वेगळा. २० चौकटींना ६० अधिक १, म्हणजे ६१ टाके. पहिली चौकट भरलेली असेल तर ६३ साखळ्या घालून पहिला खांब चौथ्या साखळीत, मोकळी असेल तर ६५ साखळ्या घालून आठव्या साखळीत. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी सुलट ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट ओळ डावीकडून उजवीकडे. एक ओळ आड दिशा बदलायला विसरलात तर 'सुस्वागतम्'चे काने-मात्रे विस्कटतात. सगळ्याच ओळी आरशासारख्या उलट्या झाल्या असतील तर मात्र उसवू नका, कापड पलटवा. ही वीण दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते.

सुईचे क्रमांक आणि गेज कसे समजायचे?

क्रमांकावर विसंबू नका, मिलिमीटर बघा. जुन्या ब्रिटिश क्रमांकांत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत एच-८ म्हणजे ५ मिमी आणि जी-६ म्हणजे ४ मिमी, इथे आकडा वाढला की सुई जाड. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या अमेरिकन सुयांत पुन्हा उलट, आकडा वाढला की बारीक. क्रोशाच्या सुती दोऱ्यातही १०, २०, ४० असा आकडा चढतो तसा दोरा बारीक होतो.

गेज म्हणजे १० सेंमीत किती टाके आणि किती ओळी बसतात. पॅटर्नमध्ये १६ टाके सांगितले आहेत आणि तुमचे १८ बसतात असे धरा. ९६ टाक्यांचा पाठीचा भाग ६० सेंमी व्हायला हवा, तुमचा ५३ सेंमीच्या आसपास होईल. सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घेऊन पुन्हा नमुना विणा. नमुना १५ सेंमीचा विणून, धुऊन, वाळवून मधले १० सेंमी मोजा, कारण कडेचे टाके ओढलेले असतात. रुमालाला हे नाही केले तरी चालेल. अंगात घालायच्या वस्तूला करायलाच हवे.

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला पॅटर्न असेल तर?

जर्मनमध्ये 'एलएम' म्हणजे साखळी, 'एफएम' म्हणजे मुका खांब आणि 'एसटीबी' म्हणजे खांब. त्या शब्दाचा अर्थच छोटी काठी, आपल्या खांबाच्या फार जवळचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'पीबी' म्हणजे बुटका टाका, आपला मुका खांब, आणि 'पीए' म्हणजे उंच टाका, आपला खांब. मशीनने भाषांतर केलेल्या पॅटर्नवर जाऊ नका. त्यात अमेरिकन आणि ब्रिटिश नावे एकाच ओळीत मिसळलेली सापडतात. मूळ भाषेतली अक्षरे यादीवरून स्वतः लावलेली बरी.

सगळे बरोबर वाचूनही जमत नसेल, तर पॅटर्नच चुकलेला असू शकतो का?

असू शकतो, आणि ते विणण्याआधी कागदावर तपासता येते. आदल्या फेरीच्या शेवटी २४ टाके आहेत आणि पुढची सूचना 'एससी ३, आयएनसी १, सहा वेळा' अशी आहे. एका वेळेला ४ घरे वापरली जातात, सहा वेळा म्हणजे २४. बरोबर. तयार किती होतात? ३ अधिक २ म्हणजे ५, सहा वेळा ३०. फेरीच्या शेवटी ३० लिहिले असेल तर पॅटर्न ठीक. वापरलेली घरे आदल्या संख्येशी जुळत नसतील किंवा तयार टाके शेवटच्या आकड्याशी जुळत नसतील, तर छपाईत चूक आहे. रचनाकाराच्या पानावर दुरुस्ती दिली आहे का ते पाहा. नसेल तर आधीच्या आणि नंतरच्या फेरीवरून आकडा काढा: वाढ दर फेरीला ६ असेल तर चुकलेल्या फेरीचीही ६ च असणार.

जुळत नसलेली फेरी 'बघू पुढे जमेल' म्हणून विणत जाऊ नका. त्या टाक्यात खूण अडकवा, हिशेब करा आणि मग पुढची फेरी घ्या.